कुलूप, किल्ली आणि कळफलक

फुकट या शब्दाची आपल्याला जितकी ओढ आहे तितकीच त्याची भीतीही आहे. लग्नाचे जेवण फुकट असते म्हणून आपण दोन जिलब्या जास्त घेतो. पण तोच एखादा दुकानदार "घेऊन जा हो, पैसे नकोत" असे म्हणाला, की ती वस्तू उलटीपालटी करून तिला कुठे चीर गेली आहे ते बघतो. आमच्या सावर्ड्यात तर हा स्वभाव विशेष. मुंबई-गोवा महामार्गावरचे निम्मे जग आमच्याकडे चहा पिऊन पुढे जाते. जाता जाता कोण काय गळ्यात मारून जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे फुकट देणाऱ्याकडे आम्ही आधी संशयाने बघतो, मग वस्तूकडे बघतो, आणि शेवटी ती घेतोच.

त्यातून मी पडलो बँकेतला कारकून. कॉमर्सचा पदवीधर. नावे पडल्याशिवाय जमा होत नाही, ही एकच गोष्ट मी कॉलेजात नीट शिकलो. तेव्हा आमच्या चिरंजीवांनी घरच्या म्हाताऱ्या संगणकावर लिनक्स नावाची फुकट प्रणाली चढवली आणि "बाबा, हे ओपन सोर्स आहे, म्हणजे मुक्त" असे जाहीर केले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "मुक्त ते ठीक आहे रे, पण देणाऱ्याला यात काय मिळतं?"

ही बातमी आळीत पसरायला अर्धा दिवस लागला. त्यानंतर मते यायला सुरुवात झाली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "फुकट आहे? मग सरकारी असणार. म्हणजे चालायचं नाही." काताच्या कारखान्यातले मुनीम म्हणाले, "आधी सवय लावतात, मग पैसे मागतात. तंबाखूची पहिली चिमूट नेहमी फुकटच असते." औषधाच्या दुकानवाल्याला वेगळीच काळजी. "आतला सगळा कारभार कोणालाही उघडून बघता येतो म्हणता? मग चोरालाही दिसणार की!" आणि आमची सौभाग्यवती म्हणाली, "काय ते असू दे. पण माझे लोणच्याचे व्हिडिओ लागतील ना?"

या चारही मतांत तथ्य आहे. व्हिडिओ लागतात, एवढे सांगून चौथा प्रश्न मिटला. उरलेल्या तिघांना उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते, आणि मराठी माणसाला इतिहासात शिरायला निमित्तच हवे असते.

आता मूळ भानगड काय ते सांगतो. संगणकाचा कार्यक्रम माणूस लिहितो तेव्हा तो पाककृतीसारखा असतो. शिकल्यासवरल्या माणसाला वाचता येतो. मग त्याचे यंत्राला समजेल असे रूपांतर होते, म्हणजे पदार्थ तयार होतो. बहुतेक कंपन्या आपल्याला पदार्थ विकतात. पाककृती तिजोरीत ठेवतात. आमच्या एका वन्संबाईंची तीच पद्धत आहे. त्या मसाल्याची कृती सढळ हाताने देतात, फक्त एक जिन्नस सांगत नाहीत. ओपन सोर्सवाले मात्र पदार्थाबरोबर कृतीचा कागदही हातात ठेवतात. मीठ कमी वाटले, घाला. तिखट नको, काढा. वर शेजाऱ्याला द्या. जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या फळीवर आतल्या तारांचा नकाशा चिकटवलेला असायचा, तो काहींना आठवत असेल. रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत हे खरे, पण तो उघडायला कोणाची परवानगी लागत नसे. आता परवाना काढायला पोस्टात जावे लागत नाही. तो आपण न वाचताच 'मान्य' म्हणून टाकतो, आणि उघडायची मात्र बंदी.

सुरुवातीला संगणकवाले लोक कृत्या एकमेकांना अशाच देत-घेत. १९७६ साली बिल गेट्स या विशीतल्या तरुणाने संगणकाच्या हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. आशय असा, की तुम्ही आमचा कार्यक्रम पैसे न देता उतरवून घेता, ही चोरी आहे. असे फुकट काम कोण करील? दर महिन्याच्या शेवटी पगाराकडे डोळे लावून बसणारा माणूस म्हणून मला त्याचे म्हणणे पटते. त्यानंतर त्या तरुणाला पगाराची चिंता राहिली नाही, हा भाग वेगळा.

याच्या उलट्या टोकाची गोष्ट एका प्रिंटरपासून सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. पासबुक छापायच्या यंत्रापुढे आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आधीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात एक सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना तसा निरोप जावा. नव्या प्रिंटरलाही तीच सोय करायची तर त्याची कृती हवी. ती दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे होती. स्टॉलमन मागायला गेले. त्याने नकार दिला. कोणाला देणार नाही असे लिहून दिले होते म्हणे. कोकणातला माणूस असता तर दोन शिव्या देऊन परत आला असता आणि कागद हाताने ओढत बसला असता. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी आपण एक संपूर्ण मुक्त प्रणालीच लिहिणार असल्याचे जाहीर केले. एखादा प्रिंटर इतका मनाला लागल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नसावे.

१९८९ साली त्यांनी एक परवाना तयार केला. वापरा, उघडा, बदला, वाटा. विकलेत तरी हरकत नाही. अट एकच, की पुढे द्याल तेव्हा तुम्हाला मिळालेली ही मोकळीक पुढच्यालाही द्या. म्हणजे प्रसादाचाच नियम झाला. इंग्रजांची यात मोठी पंचाईत होते, कारण त्यांच्याकडे फुकट आणि मोकळे या दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द. समजावता समजावता त्यांचा घसा सुकतो. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि तरीही आपण दुसरा विसरून पहिलाच लक्षात ठेवतो.

पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक छोटी प्रणाली करत असल्याचे कळवले. तीच पुढे लिनक्स झाली. आणि 'ओपन सोर्स' हा शब्द क्रिस्टिन पीटरसन या बाईंनी सुचवला, तो फेब्रुवारी १९९८ मध्ये. त्याच्या आठच दिवस आधी, २६ जानेवारीला, संपूर्ण कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली होती. मी तेव्हा बारावीला होतो. गावात चर्चा अर्थातच रेल्वेची होती.

"हे सगळं अमेरिकेत नि फिनलंडात झालं. त्याचं सावर्ड्याला काय?" असे मास्तरांनी विचारले. प्रश्न मास्तरांचा होता, त्यामुळे उत्तर मराठीतच सापडले. अगदी मराठी अक्षरांतच.

मराठी अक्षरांनी यंत्रात शिरण्यासाठी फार खस्ता खाल्ल्या आहेत. १६१६ साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. भाषा मराठी, ओव्या मराठी आणि लिपी रोमन. कारण देवनागरी खिळे नव्हते. (आज चारशे वर्षांनी आमचे चिरंजीव 'बाबा, मी उशिरा येतो' हे रोमन लिपीतच कळवतात. त्यांच्याकडे खिळ्यांची सबबही नाही.) १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांचे मराठीचे व्याकरण निघाले, त्यात देवनागरी अक्षरे छापलेली होती. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा छापील पंचांग सोवळ्यात चालते का, हा प्रश्न निघाला. शाईत चरबी असते असा संशय होता, म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. नव्या यंत्राबद्दल शंका काढण्याची आपली परंपरा अशी साजूक आहे. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांतल्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि संगणक नोकऱ्या खाणार म्हणून कर्मचाऱ्यांनी जी ओरड केली, तिच्या गोष्टी मी नोकरीला लागलो तेव्हा ज्येष्ठ मंडळी अजून सांगत होती. संगणकावर बसून सांगत होती.

तर खिळे आले. १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला आणि त्याच्या वळणदार टाइपाचे नाव झाले. मग टंकलेखन यंत्रे आली. गोदरेजने १९५५ साली भारतात टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ पर्यंत ती यंत्रे निघत राहिली. या सगळ्या काळात एक गोष्ट इतकी उघड होती, की तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. छापलेला कागद वाचायला छापखान्याची परवानगी लागत नसे. डोळे आणि चष्मा एवढे पुरे. मोडीचे जुने कागद आज फार थोड्यांना लागतात हे खरे, पण ती शिकायला कोणाला बंदी नाही. चार महिने मान मोडून बसले की मोडी येते.

घोटाळा झाला तो संगणकाबरोबर. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणजे तो आमच्याच जातीचा. बँकेत जसा माणूस म्हणजे खाते क्रमांक, तसे संगणकात अक्षर म्हणजे एक क्रमांक. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १९६३ सालीच ठरले. आपल्याकडेही सरकारने १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी क्रमांकांचे प्रमाण ठरवले आणि १९९१ मध्ये ते सुधारले. पण छपाईच्या धंद्यात फॉण्ट विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले क्रमांक दिले. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ढ'. कल्पना करा, की चिपळूणच्या शाखेत ४१२ नंबरचे खाते जोशांचे आणि रत्नागिरीच्या शाखेत तेच शेख यांचे, आणि दोन्ही शाखांची खातेवही एकच! त्यातून पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पाठीमागे एक चिमुकला ठोकळा खोचावा लागे. त्याशिवाय ती लिपी उघडतच नसे. मराठीला खरोखरीचे कुलूप लागले ते असे.

माझे सासरे शिक्षक होते. त्यांनी निवृत्तीनंतर आठ-दहा वर्षे खपून आमच्या पंचक्रोशीची माहिती जमवली. काताच्या भट्ट्यांवरच्या कामगारांचे शब्द, भाताच्या जाती, देवळांच्या हकिकती, आणि डोंगरातून उतरणाऱ्या एकूण एक पऱ्याचे नाव. १९९७ साली त्यांनी ते सगळे एका छपाईवाल्याकडून टंकलिखित करून घेतले. पुस्तक निघाले नाही, कारण पैसे तिथेच संपले. तबकडी मात्र राहिली. हस्तलिखित वह्या चिपळूणला नातेवाइकांकडे होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्या गेल्या. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. त्याची पुस्तके २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत भिजली. तिथे आमच्या वह्यांचे दुःख कोणापुढे सांगायचे?

तबकडी आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ती लावली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे, डॉलर आणि टक्के यांचा चिवडा. मला क्षणभर आमचेच एखादे परिपत्रक वाटले. छपाईवाल्याचे दुकान केव्हाच बंद झालेले, त्याचा ठोकळा कुठे गेला कोणाला ठाऊक नाही, आणि फॉण्ट विकणाऱ्यांकडून उत्तर आले की ती आवृत्ती आता आमच्याकडे नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्यांनी मराठीतच लिहिलं होतं ना?" याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. माणसाने मराठीत लिहावे, जपून ठेवावे, आणि ते त्याच्याच घरात कोणाला वाचता येऊ नये! पुरात भिजलेली वही निदान पंख्याखाली वाळवून तरी बघता येते.

त्या तबकडीचे कुलूप काढले ते फुकट्यांनी. जुन्या फॉण्टांचा मजकूर नव्या क्रमांकांत आणणारे कार्यक्रम काही हौशी लोकांनी लिहून मोकळे ठेवले आहेत. त्यातला एक चिरंजीवांना मिळाला. त्याने निम्मी अक्षरे बरोबर आणली, निम्मी नाही. आमच्या फॉण्टाचा तक्ता त्यात अपुरा होता. हाच कार्यक्रम बंद डब्यातला असता तर आम्ही तिथेच हात जोडले असते. पण कृती समोर होती. सासऱ्यांनी एका स्मरणिकेसाठी दिलेली दोन पाने छापील होती. ती शेजारी ठेवून मुलगा आणि त्याची आजी तीन आठवडे रोज संध्याकाळी बसली. आजी वाचायची, हा तक्ता भरायचा. सगळे जमले तरी 'पऱ्या' काही येईना. जिथे तिथे 'पर्या'. सासूबाई ऐकेनात. "ह्यांच्या लिखाणात पर्या? ह्यांनी छड्या मारल्यान असत्या!" शेवटी तो अर्धा र सापडला आणि आमच्या डोंगरातले सगळे पऱ्या पुन्हा वाहू लागले. मुलाने तो पुरा केलेला तक्ता परत पाठवून दिला. मी विचारले, "याचे काय मिळाले?" तो म्हणाला, "आजोबा मिळाले." कॉमर्सच्या पदवीधराने यापुढे बोलू नये.

ते नवे क्रमांक म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. 'क' चा क्रमांक २३२५, 'ळ' चा २३५५. सावर्ड्यातही तोच आणि सॅन होजेतही तोच. दोन हजार साली आलेल्या विंडोजबरोबर 'मंगल' हा टाइप आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला, त्यांचाच 'रघु' मात्र मुक्त परवान्याने मिळू लागला. २००३ च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी 'मुक्त' नावाचाच टाइप करून मोकळा सोडला. २००९ मध्ये शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच असावेत असे सांगितले. निर्णय कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर तसा 'ल' काढायची मोकळीक असलेला टाइप हवा. बंद टाइपात 'ल' कसा असावा हे मालक ठरवतो.

आता मुनिमांचा आणि औषधवाल्यांचा प्रश्न राहिला. मुनिमांचे म्हणणे, आधी सवय लावतात. खरे आहे, पण ते बंद डब्यांनाच अधिक लागू. मोकळ्या वस्तूच्या मालकाने उद्या पैसे मागितले तर कृती घेऊन दुसरा कोणीतरी चूल मांडतो. बाकी मुनिमांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचे काळीज लिनक्सच आहे. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी फोन बाहेर काढून, उलटापालटा करून, चीर गेली आहे का ते पाहिले.

चोरालाही दिसते, हेही खरे. २०२४ च्या मार्चमध्ये तसेच झाले. एक्सझेड नावाचा एक छोटा मुक्त कार्यक्रम जगभरच्या संगणकांत असतो. त्याची निगा मुख्यतः एकटा माणूस फावल्या वेळात राखत होता. कोणीतरी दोन-अडीच वर्षे गोडगोड मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. अर्धा सेकंद! मला हा माणूस एकदम आपल्या बँकेतला वाटला. रोजकीर्दीत दहा पैशांचा फरक आला म्हणून रात्री नऊपर्यंत खातेवह्या उपसणारे कारकून मी पाहिले आहेत. घरून निरोप यायचे, "दहा पैसे मी देते, पण जेवायला या." ते यायचे नाहीत. फ्रॉइंड यांनीही फरक सोडला नाही, आणि कृती उघडी होती म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आले. ते नोकरीला मात्र मायक्रोसॉफ्टमध्ये होते. म्हणजे गेट्स यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कंपनीच्या हजेरीपटावर सापडले.

तरीही यातला घोर मला सुटत नाही. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला सगळा गाव येतो. वैशाखात गाळ काढायला मात्र चौघेच उतरतात, आणि त्यातल्या दोघांची कंबर धरलेली असते. मोकळ्या वस्तूंचे तेच आहे. देणाऱ्याला काय मिळते हा प्रश्न मी अजून विचारतो. फक्त आता तो संशयाने विचारत नाही, काळजीने विचारतो.

तेव्हा वाचकहो, माझे ऐकाल तर येत्या रविवारी एक काम करा. कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या कॅसेटी असतात त्याच्या मागे, कोणाच्या तरी आठवणींची, कवितांची, निदान कुळाच्या वंशावळीची एखादी तबकडी असेलच. ती लावून बघा. वाचता आली तर युनिकोडात उतरवून दोन नातेवाइकांना पाठवून द्या. वाचता आली नाही तर गल्लीतल्या एखाद्या फुकट्या पोराला गाठा आणि घरातले सगळ्यात म्हातारे माणूस त्याच्या शेजारी बसवा. चहा अधूनमधून देत राहा. तेवढा खर्च येतो.